घरासमोरचा रस्ता नेमका कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावठाणाला लागून पाडलेल्या ले-आऊटमध्ये बारा-तेरा वर्षांपूर्वी घर बांधलं. समोरचा रस्ता अजून मातीचाच आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत मोटारसायकल अर्धं चाक रुतते आणि शाळेतली मुलं चपला हातात घेऊन जातात. ग्रामपंचायतीत गेलं की सचिव म्हणतात, ‘तो रस्ता आमच्याकडे नाही.’ पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात सांगतात, ‘आमच्या यादीत नाही.’ सार्वजनिक बांधकाम विभागात तर नावही विचारत नाहीत. मग रस्त्याचा वर्ग ठरवतं कोण, आणि हा रस्ता कोणत्या वर्गात येतो?

सरळ उत्तर आधी देतो. तुमचा रस्ता बहुधा अजून कोणत्याच वर्गात नाही. तिन्ही कार्यालयांचं बोलणं आपापल्या कागदाप्रमाणे खरंच आहे. रस्ता किती रुंद, किती रहदारीचा, डांबरी की मुरमाचा, यावर त्याचा वर्ग ठरत नाही. तो कोणत्या नोंदवहीत लिहिलेला आहे, यावर ठरतो. ज्याची नोंद नाही त्यावर कोणीही एक ब्रास गिट्टी टाकू शकत नाही, कारण टाकली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत मी शाखा अभियंता म्हणून अठ्ठावीस वर्षं काढली. माझ्याकडे आलेल्या रस्त्याच्या दहा तक्रारींतल्या सहा-सात मुळात नोंदीच्या तक्रारी असायच्या. लोक डांबरासाठी मोर्चा काढतात, नोंदीसाठी अर्ज करत नाहीत. याचं मला नोकरीत असताना वाईट वाटायचं, आजही वाटतं.

आता वर्गवारी. देशभर आज जी वर्गवारी चालते ती ठरली आपल्याच नागपुरात. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि वीस वर्षांची रस्ते योजना त्यांनी आखली. ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड तिथली. आमच्या कार्यालयात रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा असंच बोलतात आणि पाटीवरही ‘ग्रामा ४७’ असं लिहिलेलं असतं. राज्य मार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड बघितला तरी अंदाज येतो. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता.

पण ही उतरंड गावाला गाव जोडणाऱ्या रस्त्यांसाठी आहे. गावाच्या आतली गल्ली, ले-आऊटचा रस्ता, वावरात जाणारी पांदण यांना त्या उतरंडीत पायरीच नाही. माणूस राहतो मात्र तिथेच. म्हणून या तिघांचा विचार वेगळा करावा लागतो.

गावठाणातली गल्ली सगळ्यांत सोपी. गावठाणातल्या जागेला सातबारा नसतो. तिथली मोकळी जागा, आखर (गावची ढोरं जमायची जागा), गल्ल्या यांची देखभाल १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीचं काम. पंचायतीकडे त्यासाठी एक खास वही असते, नमुना २३, म्हणजे ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही. घरटॅक्सचा नमुना ८ सगळ्यांना तोंडपाठ असतो, नमुना २३ मात्र मागणारा क्वचितच भेटतो. त्यात रस्ता कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, कशाचा बनवलेला आणि त्यावर कधी काय खर्च झाला हे लिहायचं असतं. ज्या गावात ही वही नीट भरलेली असते त्या गावात गल्लीचं भांडण लवकर मिटतं.

एका गावात गल्लीच्या काँक्रीटचं काम होतं. नमुना २३ मध्ये रुंदी १६ फूट. टेप धरला तर एका टोकाला १६, मधल्या चार घरांपाशी ११, आणि पुढे पुन्हा १५. चारही घरांनी ओटे पुढे घेतले होते, नालीवर फरश्या टाकून त्यावर न्हाणीचा दगड बसवला होता. एका म्हाताऱ्या बाईने मला ओट्याखालचा जुना पायरीचा दगड बोटाने दाखवला आणि म्हणाली, ‘साहेब, माझ्या लग्नात इथून वरातीची बंडी वळली होती.’ तो दगड आणि वहीतले १६ फूट एकमेकांशी जुळले. पंचायतीने त्याच अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटिसा काढल्या. तीन घरांनी आपणहून ओटे मागे घेतले, चौथ्याचा विषय वर्षभर चालला. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार या कलमाने पंचायतीला दिलेला आहे, आणि पंचायत गप्प बसली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण रुंदी वहीतच लिहिलेली नसेल, तर अडथळा किती फुटांचा हे ठरवणार कशावरून?

स्वामित्व योजनेचंही इथेच सांगतो. २४ एप्रिल २०२० ला ती सुरू झाली, गावोगाव चुन्याच्या रेषा मारून ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली. बऱ्याच गावांत पहिल्यांदाच गल्ल्या नकाशावर आल्या. पण चुना मारायच्या दिवशी जो हजर होता त्याने आपला ओटा आत घेतला, आणि जो वावरात गेला होता त्याच्या दारची गल्ली बारीक झाली, असंही काही ठिकाणी घडलं. तुमच्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन एकदा डोळ्यांनी बघा. मिळकत पत्रिका हातात आली की लोक फक्त आपल्या घराचं क्षेत्रफळ वाचतात, समोरच्या रस्त्याची रुंदी कोणी वाचत नाही.

आता तुमचा विषय, ले-आऊट. विदर्भात सगळ्यांत जास्त घोळ याच रस्त्यांचा आहे. विशेषतः तालुक्याच्या गावाला लागून असलेल्या ग्रामपंचायतींत, जिथे दहा-पंधरा वर्षांत एकामागून एक वावरं अकृषक झाली.

ले-आऊट मंजूर होतं तेव्हा नकाशात प्लॉट, रस्ते आणि मोकळी जागा तिन्ही वेगळे दाखवलेले असतात. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीत रहिवासी ले-आऊटचा आतला रस्ता साधारणपणे ९ मीटर लागतो आणि रस्त्याची लांबी १५० मीटरच्या पुढे गेली की १२ मीटर. तुमचं ले-आऊट त्याआधीचं, म्हणून तुम्हाला त्या वेळच्या मंजूर नकाशातली रुंदी लागू, आजची नाही. हे लक्षात ठेवा, कारण पंचायतीत कोणीतरी हमखास म्हणतो की ‘नियमात बसत नाही, रस्ता अरुंद आहे.’ मंजूर नकाशा हाच तुमचा नियम.

घोळ होतो तो यानंतर. प्लॉट विकले जातात, प्रत्येकाचा सातबारा वेगळा होतो. रस्त्याच्या पट्ट्यांचं क्षेत्र मात्र कित्येकदा मूळ मालकाच्याच नावावर राहतं. ले-आऊट पाडणारा शेवटचा प्लॉट विकून मोकळा होतो, रस्ता पंचायतीकडे हस्तांतरित करायचं राहून जातं. पंचायतही मागत नाही, कारण घेतला की दिवे, नाली, दुरुस्ती गळ्यात पडते. पुढे मूळ मालक वारतो, वारसांची नावं चढतात, आणि ज्याला लोक वीस वर्षं रस्ता समजत होते तो कागदावर कोणाच्या तरी वडिलोपार्जित शेताचा तुकडा असतो. मी स्वतः एका ठिकाणी गेलो तेव्हा ९ मीटरच्या रस्त्याच्या मधोमध तुरीच्या दोन ओळी उभ्या होत्या. वारसाने रीतसर पेरल्या होत्या आणि सातबारा घेऊन बांधावर उभा होता. कागद त्याच्या बाजूने बोलत होता, मंजूर नकाशा लोकांच्या बाजूने. शेवटी नकाशा टिकला, पण तो शोधायलाच चार महिने गेले, कारण गावात कोणाकडेही त्याची प्रत नव्हती.

म्हणून सगळ्यांत आधी मंजूर अभिन्यास (म्हणजे ले-आऊटच्या) नकाशाची आणि अकृषक आदेशाची प्रमाणित प्रत काढा. तहसील कार्यालय, नगररचना कार्यालय, भूमी अभिलेख, या तिघांपैकी एका ठिकाणी ती मिळते. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. आदेशाच्या अटी नीट वाचा. रस्ते, नाल्या आणि मोकळी जागा विकसित करून स्थानिक संस्थेकडे द्यायची अट बहुतेक आदेशांत असतेच. ती अट पाळली गेली नसेल तर तुमची तक्रार ग्रामपंचायतीविरुद्ध होत नाही, ले-आऊट पाडणाऱ्याविरुद्ध होते, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. हा फरक फार मोठा आहे. लोक वर्षानुवर्षं सरपंचाशी भांडतात आणि ज्याने अट मोडली तो बाजूला राहतो.

नकाशा हातात आला की रस्त्याच्या क्षेत्राचा सातबारा काढा आणि आज नाव कोणाचं आहे ते बघा. मग सगळ्या प्लॉटधारकांच्या सह्यांचा अर्ज पंचायतीला द्या आणि मागणी एकच लिहा: मंजूर नकाशाप्रमाणे रस्ता ताब्यात घेऊन नमुना २३ मध्ये नोंद करावी. काँक्रीट, नाली, दिवे यातलं काहीही त्या अर्जात लिहू नका. मागण्या वाढल्या की ‘निधी उपलब्ध नाही’ एवढं उत्तर देऊन अर्ज बंद करता येतो. नोंद करायला निधी लागत नाही, म्हणून ते उत्तर देता येत नाही. मासिक सभेत ठराव, जागेवर पंचनामा, ताबा, नोंद आणि फेरफार, हा क्रम. एवढं झालं की तुमचा रस्ता ‘ग्रामपंचायतीचा अंतर्गत रस्ता’ झाला. हाच त्याचा वर्ग.

ले-आऊट मंजूरच नसेल, नुसते गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले असतील, तर काम अवघड आहे पण अशक्य नाही. तुमच्या खरेदीखताच्या चतुःसीमेत ‘पूर्वेस २० फुटी रस्ता’ असं लिहिलेलं असतं. सगळ्या प्लॉटधारकांची खरेदीखतं एकत्र ठेवा. चतुःसीमा एकमेकांशी जुळल्या की रस्त्याचा पट्टा आपोआप उभा राहतो. मूळ मालक हयात असेल तर त्याच्याकडून त्या पट्ट्याचं पंचायतीच्या नावे बक्षीसपत्र करून घ्या. तो असेपर्यंतच करा, वारस सात झाले की सात सह्या लागतात आणि त्यातला एक पुण्यात असतो.

पांदणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ले-आऊटचा रस्ता बरेचदा जुन्या पांदणीला जाऊन मिळतो आणि तिथेच अडतो, म्हणून लिहितो. गाव नकाशात पांदण कशी दाखवली आहे ते बघा. दोन भरीव रेषांचा रस्ता असेल तर त्याचं क्षेत्र शेतांच्या क्षेत्रातून वगळलेलं असतं, तो सरकारी रस्ता. दोन तुटक रेषा असतील तर तो गाडीमार्ग, साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा. एकच तुटक रेषा असेल तर पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. हे विचित्र वाटणारे आकडे जुन्या साखळीतून आले. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. निम्मी साखळी साडेसोळा, पाव साखळी सव्वाआठ. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची मोजणी झाली होती, म्हणून तिकडे हे आकडे अजून जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. ‘आठ आण्याची पांदण’ म्हटलं की समजायचं.

नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या मालगुजारीच्या, म्हणजे जिथे पूर्वी मालगुजार गावचा सारा भरायचा त्या भागात आणखी एक कागद असतो, जो पश्चिम महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसतो: वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण गावच्या वहिवाटी कागदावर राहिल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये विदर्भाच्या जिल्ह्यांसाठी निस्तार पत्रकाचं, म्हणजे गावच्या मोकळ्या सरकारी जमिनीवरच्या गावकऱ्यांच्या हक्कांच्या नोंदीचं, वेगळं प्रकरण आहे आणि त्यातल्या कलम १६५ मध्ये वाटेचा हक्क, पाण्याचा हक्क अशा गावच्या प्रथा नोंदवायची तरतूद आहे. पटवाऱ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. पिवळा पडलेला, कडा कुरतडलेला कागद असतो, पण ‘आखरातून नाल्याकडे ढोरं जायची वाट’ अशी एखादी ओळ त्यात सापडली की वाद अर्धा संपतो. मी असे दोन कागद प्रत्यक्ष हाताळले आहेत आणि दोन्ही वेळा ते दप्तराच्या अगदी तळाशी होते.

वाट होती आणि कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. वाटच नाही आणि धुऱ्यावरून (बांधावरून) नवी हवी, तर महसूल अधिनियमाचं कलम १४३. दोन्ही अर्ज एकाच कागदावर करू नका. वाट होती आणि नव्हती असं एकाच वेळी म्हटल्यासारखं होतं, आणि समोरचा वकील नेमकं तेच धरतो. २०२५ च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यावी असं सांगितलं आहे. म्हणून निकाल लागला की नोंद झाल्याशिवाय घरी बसू नका.

नोंद झाल्यावर पैसा कुठून येतो, हेही वर्गावरच ठरतं. ग्रामा आणि इजिमांवर जिल्हा नियोजनातून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली खर्च होतो. पहिलं मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचं, दुसरं नव्या बांधकामाचं. गावांतर्गत रस्त्यांना २५१५ हे लेखाशीर्ष, जनसुविधा योजना, वस्ती पात्र असेल तर दलित वस्ती किंवा ठक्कर बाप्पा योजना, आणि वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या वित्त आयोगात साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, रस्त्याला वाव उरलेल्या चाळीस टक्क्यांत. तुमचा रस्ता नमुना २३ मध्ये असेल तर २५१५ च्या यादीत तो घालायला आमदारांचं पत्रही उपयोगी पडतं. नसेल तर पत्र आलं तरी अंदाजपत्रक करणारा माझ्यासारखा अभियंता पहिल्याच पानावर थांबतो.

एक धोक्याची सूचना. गावातून जाणारा ग्रामीण मार्ग ‘इजिमा करून घ्या’, इजिमा असेल तर ‘प्रजिमा करून घ्या’, अशी मागणी पुढारी फार करतात. त्याला दर्जोन्नती म्हणतात. जिल्हा परिषदेचा ठराव, बांधकाम विभागाचा अहवाल आणि मग शासन निर्णय, असा तिचा मार्ग. दर्जा वाढला की निधी वाढतो, हे खरं. पण लागणारी जागाही वाढते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सपाट प्रदेशात, वस्तीच्या बाहेर ग्रामीण मार्गाला १२ मीटर जागा धरतात, इजिमाला १५, प्रजिमाला २५. वस्तीच्या आत ते आकडे १०, १५ आणि २०. आता मनाशी धरा की गावाच्या मुख्य गल्लीतून जाणारा रस्ता ग्रामाचा प्रजिमा झाला. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पाच मीटरऐवजी दहा मीटर. चौकातला पार, हनुमंताच्या देवळाची पायरी, दोन्ही बाजूंची दुकानं, सगळं त्या दहा मीटरांत येतं. उद्या लगेच कोणी पाडायला येत नाही, पण बांधकामाची परवानगी, कर्ज, विक्री, प्रत्येक वेळी तो दर्जा आडवा येतो. गावाबाहेरून वळण रस्ता मिळत असेल तर दर्जोन्नती त्या वळणाची मागा, आतली गल्ली पंचायतीकडेच राहू द्या. मी हे तीन सरपंचांना सांगितलं, एकाने ऐकलं.

आणखी एक, छोटं पण नडणारं. ले-आऊटचा रस्ता जिथे ग्रामाला किंवा इजिमाला मिळतो, तिथले शेवटचे काही मीटर जिल्हा परिषदेच्या हद्दीत असतात. पंचायतीने तिथे काँक्रीट टाकायचं म्हटलं तर बांधकाम विभागाचं ना हरकत लागतं, आणि नालीचं पाणी मोठ्या रस्त्याच्या बाजूच्या नालीत सोडायलाही लागतं. हे आधी घेतलं नाही तर पूर्ण रस्ता होतो आणि तोंडाशी पंधरा फूट चिखल तसाच राहतो. असे रस्ते तुम्हीही पाहिले असतील. काळ्या मातीवर थेट काँक्रीटही ओतू देऊ नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि वरचा काँक्रीटचा थर मधोमध तडकतो. खालची माती खोदून मुरूम नीट दाबलेला आहे का, हे काम चालू असताना बघायचा हक्क तुम्हाला आहे. कुदळ मारून बघा, हाताला कळतं.

मोजणीचा अर्ज करणार असाल तर तारीख एप्रिल-मे मधली मागा. गवत वाळलेलं असतं, हद्दीचे दगड दिसतात, आणि वावरात काम नसल्याने शेजारी हजर राहतात. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या प्लॉटधारकांना आणि रस्त्याच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना नोटिशीची पोच घेऊन बोलवा. दगड सापडला की तिथेच फोटो काढा, भूमापकाच्या पंचनाम्यात त्या दगडाचा उल्लेख लिहून घ्या, आणि हजर असलेल्या प्रत्येकाची सही, नाहीतर अंगठा, जागेवरच घ्या.